ब्रेकचा दिवा काय सांगतो आणि कशाबद्दल गप्प बसतो: दापोडी ते चाकण

मोटरसायकलची चावी फिरवली की मीटरवर पिवळ्या रंगात ‘एबीएस’ ही तीन अक्षरं लागतात. गाडी थोडी पुढे गेली, चालण्याच्या वेगाच्या पलीकडे गेली, की ती विझतात. नवीन गाडी घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात एकदा तरी घाबरून विचारतो, की चावी लावल्यावर हा दिवा लागतोच कसा, गाडीत दोष आहे का? दोष नसतो. चाकं फिरल्याशिवाय चाकांचे सेन्सर नीट आहेत की नाहीत हे तपासताच येत नाही, म्हणून यंत्रणा तोवर दिवा चालू ठेवते. म्हणजे हा दिवा लागलेला असताना “बिघाड आहे” असं म्हणत नसतो, “मला अजून माहीत नाही” असं म्हणत असतो. विझतो तेव्हा “मी जे तपासलं ते ठीक आहे” असं म्हणतो. पण त्याने काय तपासलं, हे चालवणाऱ्याला सहसा कोणी सांगितलेलं नसतं.

माझं संशोधन पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या दुरुस्तीच्या इतिहासावर आहे. कारखान्यांच्या इतिहासावर नाही, दुरुस्तीच्या. हा फरक नेट-सेटची तयारी करणाऱ्या मित्रांना समजावताना मला दर वेळी अडखळायला होतं, म्हणून या वेळी एकच छोटी वस्तू घेऊन सांगून बघतो. ब्रेकच्या द्रवाची पातळी आणि तिच्याबद्दल सांगणारे (किंवा न सांगणारे) दिवे. टूरिंगवाल्यांनाही यातलं काही कामाला येईल, कारण ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरताना हा विषय पुस्तकी राहत नाही.

आधी जागा. दापोडी म्हणजे पुण्याहून निघाल्यावर बोपोडी संपून हॅरिस पूल ओलांडला की लागणारं गाव. आता त्याला गाव म्हणवत नाही. जुना मुंबई-पुणे रस्ता, लोकलचं स्टेशन, ऑगस्ट 2023 पासून मेट्रोचं स्टेशन, एका अंगाला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणजे सीएमई, आणि एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. अभिलेखागारात दापोडी शोधायला गेलात तर आधी स्पेलिंगशी गाठ पडते. इंग्रजी कागदांत ती ‘दापुरी’ आहे. त्या नावाखाली 1817 च्या खडकीच्या लढाईत इथून निघालेली कॅप्टन फोर्डची पलटण सापडते, मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला सापडतो, वनस्पती उद्यान सापडतं आणि त्या उद्यानातल्या झाडांची चित्रंही सापडतात, जी आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. सगळं सुंदर आहे. पण ज्याने रोज दहा गाड्यांचे ब्रेक नीट केले अशा माणसाबद्दल त्या कागदांत ओळ नाही. डेव्हिड एजर्टन यांनी 2006 च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात हाच मुद्दा काढला: तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांच्या तारखांवरून लिहितो, वापराच्या आणि देखभालीच्या तारखांवरून लिहीत नाही. भारतापुरतं बघायचं तर डेव्हिड अर्नोल्ड यांचं 2013 चं ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ वाचा. त्यात सायकल, शिवणयंत्र, टाइपरायटर, भातगिरणी आहेत. मोटरसायकलचा ब्रेक आपल्याला स्वतःच लिहावा लागणार.

आता दापोडीतून पुढे चला. फुगेवाडी, कासारवाडी, मग नाशिक फाटा. इथे रस्ता फुटतो, आणि माझ्या विषयाचा इतिहासही इथेच फुटतो असं मी गमतीने म्हणतो. सरळ गेलात तर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी. उजवीकडे वळलात तर भोसरी, मोशी, चाकण. सरळ रस्ता चेतकचा, उजवा रस्ता पल्सरचा.

चेतक 1972 ची. पियाजिओबरोबरचा करार 1971 मध्ये संपल्यावर बजाजने स्वतःच्या नावाने आणलेली स्कूटर. पुढचा ब्रेक हँडलला, मागचा पायाखाली, दोन्ही वायरचे, दोन्ही चाकांत ड्रम. या गाडीत ब्रेकसाठी द्रव नावाचा थेंब नाही. मग ब्रेकची माहिती चालवणाऱ्याला कुठून मिळायची? हातातून आणि पायातून. लायनर झिजला की लिव्हर जास्त आत यायचा, पॅडल जास्त खाली जायचं. वायरचे धागे तुटायला लागले की लिव्हर खरखरायचा. लोक स्वतः पान्ह्याने नट दोन आटे फिरवून ब्रेक “घट्ट” करायचे, आणि नट शेवटच्या आट्यावर आला म्हणजे लायनर संपला, हे घरातल्या ज्याला त्याला ठाऊक असायचं. इशारा देणारं यंत्र आणि ब्रेक लावणारं यंत्र एकच होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

द्रवाचा ब्रेक जगात त्याच्या बराच आधी आलेला होता. माल्कम लॉकहीड यांनी 1910 च्या दशकात मोटारींसाठी त्याचं पेटंट घेतलं, 1921 च्या ड्यूसनबर्ग मोटारीत तो चारही चाकांना आला. मोटरसायकलवर पुढच्या डिस्कच्या रूपात मोठ्या संख्येने यायला त्याला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. 1969 ची होंडा सीबी 750 ही मोठ्या संख्येने बनलेली, पुढे हायड्रॉलिक डिस्क असलेली मोटरसायकल. भारतात रस्त्यावरच्या सामान्य माणसाला डिस्क ब्रेक ओळखीचा झाला तो 1999 ची हीरो होंडा सीबीझेड आणि नोव्हेंबर 2001 मधली बजाज पल्सर यांच्यामुळे. पल्सर चाकणची. तो कारखाना 1999 चा. म्हणजे वायरच्या ब्रेकवर वाढलेल्या पट्ट्यात, दोन-तीन वर्षांच्या आत, लाखो हातांना एक नवी गोष्ट शिकायची होती: ब्रेकमध्ये एक पातळ पदार्थ आहे, तो दिसायला हवा, आणि त्याची पातळी म्हणजे काहीतरी अर्थ असलेली खूण आहे.

हा अर्थ कोणता, यावरच सगळा घोळ आहे.

हँडलच्या उजव्या बाजूला एक छोटी डबी असते, मास्टर सिलिंडरची. तिला गोल काचेची खिडकी आणि ‘लोअर’ अशी रेघ. मागच्या ब्रेकची डबी सहसा पांढुरक्या प्लॅस्टिकची, आरपार दिसणारी, तिला खालची आणि वरची अशा दोन रेघा. काही महिन्यांनी पातळी खाली आलेली दिसते. गॅरेजमध्ये ऐकू येणारं वाक्य ठरलेलं: “ब्रेक ऑइल टाकून दे रे थोडं.” थोडं टाकलं जातं, पातळी वर येते, गिऱ्हाईक खूश. काम दोन मिनिटांचं.

पण पातळी खाली का गेली? शक्यता दोनच. एक, कुठेतरी गळती आहे: निपलपाशी, होजच्या जोडापाशी, कॅलिपरच्या रबरी सीलपाशी किंवा मास्टरच्या किटमधून. दोन, गळती कुठेच नाही, पॅड झिजले आहेत. पॅड झिजला की कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर येऊन थांबतो, आणि त्याच्या मागे मोकळी झालेली जागा भरायला डबीतला द्रव खाली उतरतो. किती? हिशोब करून बघू. समजा कॅलिपरच्या एकाच बाजूला 32 मि.मी. व्यासाचे दोन पिस्टन आहेत. एका पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण 8 चौरस सें.मी. दोन्ही पॅड प्रत्येकी 3 मि.मी. झिजले, तर पिस्टन एकूण 6 मि.मी. पुढे सरकतात. 8 गुणिले 2 गुणिले 0.6, म्हणजे साडेनऊ-दहा मिलिलिटर. चहाचे दोन चमचे. डबी मुळात इवलीशी असते, त्यात दोन चमचे म्हणजे खिडकीतून स्पष्ट दिसणारा फरक.

याचा अर्थ असा, की डबीतली पातळी ही पॅडच्या झिजेची नोंदवही आहे. कोणी न लिहिता आपोआप भरत जाणारी. तुम्ही वरून द्रव टाकता तेव्हा ती नोंद खोडता. पॅड तेवढाच झिजलेला राहतो, पातळी मात्र “सगळं ठीक” दाखवायला लागते. नंतर कोणी पॅड बदलायला बसलं आणि पिस्टन आत ढकलले, की हेच दोन चमचे उलटे वर येतात, डबीतून ओसंडतात आणि टाकीवर सांडून रंग खातात. ब्रेकचा द्रव रंगाचा वैरी आहे, लगेच पाण्याने धुवावा लागतो. टाकीच्या उजव्या खांद्यावर तसा फुगलेला, सोललेला डाग दिसला की माझ्यासारखा माणूस तिथे थांबतो. तो डाग एक दस्तऐवज असतो. कोणीतरी आधी वरून भरलं होतं, आणि कोणीतरी नंतर पॅड बदलले.

म्हणून पातळी कमी दिसली तर पहिलं काम बाटली उघडणं नाही. आधी पॅड बघायचे, टॉर्च लावून, दोन्ही बाजूंचे. पॅड जाड असूनही पातळी खाली असेल तर गळती शोधायची. दोन्ही ठीक असेल तरच भरायचं. आणि पातळी बघायची ती गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून, हँडल असं फिरवून की डबी आडवी समतल येईल. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची खिडकी खोटं बोलते, हे भौतिकशास्त्राच्या नववीच्या पुस्तकातलं आहे, पण रस्त्याच्या कडेला फोटो काढून “पातळी कमी झाली का?” विचारणाऱ्यांच्या बहुतेक गाड्या साइड स्टँडवरच असतात.

जाता जाता शब्दाबद्दल. आपण सगळे “ब्रेक ऑइल” म्हणतो. मीही म्हणतो. पण डॉट 3, डॉट 4 किंवा डॉट 5.1 हे तेल नाहीच, ते ग्लायकॉल इथर जातीचे द्रव आहेत. आणि खरं तेल, म्हणजे इंजिन ऑइलसारखं खनिज तेल, त्यात गेलं तर सीलचं रबर फुगतं आणि ब्रेक अडकतो. ‘ऑइल’ या शब्दावर विश्वास ठेवून कोणी हाताशी असलेलं तेल टाकलं तर काय होईल, याची कल्पना करा. संशोधनात आपण पारिभाषिक शब्द मूळ अर्थाने वापरायचे की लोकांच्या अर्थाने, हा प्रश्न वर्गात कोरडा वाटतो. इथे तो कॅलिपरमध्ये अडकून बसतो. मी माझ्या टिपणांत दोन्ही लिहितो: बोलणाऱ्याच्या तोंडी ‘ब्रेक ऑइल’, माझ्या वाक्यात ‘ब्रेकचा द्रव’.

मग दिवा कुठे गेला?

तो प्रश्न माझ्या मार्गदर्शकांनीही विचारला होता. मोटारीत द्रव कमी झाला की लाल दिवा लागतो, मग मोटरसायकलला का नाही? चाकणमध्ये बनलेल्या टूरिंगच्या गाड्या बघा. डिसेंबर 2016 मध्ये आलेली बजाज डॉमिनार 400 किंवा 2020 च्या सुरुवातीला विक्रीला आलेली केटीएम 390 ॲडव्हेंचर. लांबच्या प्रवासासाठीच घेतल्या जाणाऱ्या गाड्या, सगळी यंत्रणा आधुनिक, पण द्रवाची पातळी सांगणारा दिवा नाही. खिडकीच आहे. कंजूसपणा म्हणून सोडून देता आलं असतं. उत्तर जुन्या नियमांत सापडलं.

अमेरिकेत मोटरसायकलच्या ब्रेकसाठीचं संघराज्यीय मानक क्रमांक 122 हे 1 जानेवारी 1974 पासून लागू झालं. त्यात इशाऱ्याच्या दिव्याची तरतूद आहे: लाल काच, त्यावर ‘ब्रेक फेल्युअर’ अशी अक्षरं, दाब गेला किंवा द्रवाची पातळी ठरलेल्या मर्यादेखाली गेली की लागणारा, आणि चावी फिरवल्यावर स्वतः जिवंत आहे हे दाखवण्यासाठी एकदा पेटणारा. आज आपल्या मीटरवर चावीबरोबर सगळे दिवे एकदा लागतात, तो रिवाज अशा तरतुदींचाच. पण ही दिव्याची सक्ती होती फक्त विभागलेल्या हायड्रॉलिक यंत्रणेसाठी, म्हणजे एकाच पॅडलने किंवा लिव्हरने दोन स्वतंत्र भागांना दाब पोचवणाऱ्या ब्रेकसाठी. मोटारीत तसंच असतं: एक पॅडल, दोन सर्किट. एक सर्किट गेलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, त्यामुळे चालवणाऱ्याला अर्धा ब्रेक गेल्याचं कळणारच नाही अशी भीती, म्हणून दिवा. मोटरसायकलला मुळातच दोन ब्रेक, एक हाताला, एक पायाला, एकमेकांपासून वेगळे. पुढचा गेला तर हाताला लगेच कळेल, असं नियम करणाऱ्यांनी धरलं. चेतकच्या नटावर जे गृहीतक चालत होतं, तेच हे: माहिती हातातून येईल.

डबीच्या झाकणावरच्या मजकुराची सक्तीही त्याच मानकातली. झाकण उघडण्याआधी पुसा, सीलबंद बाटलीतलाच अमुक प्रकारचा द्रव वापरा, या अर्थाचा. आपल्याकडच्या गाड्यांच्या झाकणांवरही तो कोरलेला असतो, इंग्रजीत. शेकडो झाकणं बघून झाल्यावर मला वाटतं, पिंपरी-चिंचवडमध्ये सगळ्यात जास्त छापलं गेलेलं आणि सगळ्यात कमी वाचलं गेलेलं वाक्य हेच असावं. हे माझं मत आहे, आकडा नाही.

समांतर म्हणून दापोडीच्या एसटी कार्यशाळेकडे बघा. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली, आणि आज रस्त्यावरच्या मोठ्या बसचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. हवेचा ब्रेक गळतो तेव्हा गप्प बसत नाही. फुसफुस ऐकू येते, चालकासमोर दाबाचा काटा असतो, दाब घसरला की बझर वाजतो. द्रवाचा ब्रेक मात्र मुका आहे. तो गळतो तेव्हा थेंब पडतो, आणि पाऊस चालू असेल तर तोही दिसत नाही. एकाच रस्त्यावर एका कुंपणाआड बोलका ब्रेक आणि दुसऱ्या बाजूच्या गॅरेजांत मुका ब्रेक, आणि दोन्हीकडे काम करणारी माणसं एकाच वस्तीतली. तुलना शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आता पिवळ्या दिव्याकडे परत. एबीएस मोटरसायकलवर आलं ते 1988 मध्ये, बीएमडब्ल्यूच्या के 100 वर. चाकणच्या गाड्यांत 2013 ची केटीएम 390 ड्यूक एबीएस घेऊन आली, बजाजच्या स्वतःच्या नावाने 2015 ची पल्सर आरएस 200. ब्रेकचा पुरवठाही तोवर याच पट्ट्यात रुजला होता. कल्याणी ब्रेक्स पुढे बॉशकडे गेली, 2006 मध्ये ब्रेंबोबरोबर केबीएक्स ही मोटरसायकल ब्रेकची भागीदार कंपनी झाली, 2008 मध्ये ती पूर्णपणे ब्रेंबोची झाली. केटीएमच्या कॅलिपरवर ‘बायब्रे’ असं लिहिलेलं असतं ते याच घराण्यातलं. मग केंद्र सरकारचा नियम आला: 125 सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस, त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस, नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2018 पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना 1 एप्रिल 2019 पासून. त्या दिवसानंतर विकलेल्या प्रत्येक मध्यम आणि मोठ्या मोटरसायकलच्या मीटरवर एक पिवळा दिवा आला. म्हणजे भारतीय दुचाकीस्वाराला ब्रेकबद्दल बोलणारा दिवा मिळाला, तो सात-आठ वर्षांपूर्वी.

आणि तो नेमका कशाबद्दल बोलतो? चाकांच्या वेगाबद्दल. चाकाला दातेरी कडी असते, तिच्याजवळ सेन्सर, दोहोंत बारीक फट. चिखल बसला, पंक्चर काढताना चाक उतरवताना कडी वाकली, सेन्सरची वायर चेपली, बॅटरीचा दाब पडला, फ्यूज गेला, की दिवा लागून राहतो. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून नुसतं मागचं चाक फिरवलं तरी लागू शकतो, कारण एक चाक पळतंय आणि दुसरं थांबलंय हे यंत्रणेला पटत नाही. बंद करून परत चालू केली आणि थोडी चालवली की जातो. दिवा लागून राहिला तर साधा ब्रेक चालूच असतो, फक्त चाक लॉक होण्यापासूनची राखण गेलेली असते. म्हणून तपासणीचा क्रम सोपा ठेवायचा. शेवटचं काम काय केलं होतं? चाक काढलं होतं का? धुवायला दिली होती का? मग सेन्सर पुसा, कडी बघा, बॅटरी मोजा, आणि नाहीच गेला तर स्कॅनर असलेल्या ठिकाणी न्या. मेस्त्री पहिला प्रश्न “काल काय केलं?” हाच विचारतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटायला हरकत नाही.

पण आता फसगत बघा. पिवळा दिवा ब्रेकच्या नावाने ओळखला जातो, आणि तो द्रवाबद्दल, पॅडबद्दल काहीही जाणत नाही. दिवा विझला की लोकांना वाटतं ब्रेक ठीक. चेतकच्या वेळी इशारा देणारं यंत्र आणि ब्रेकचं यंत्र एकच होतं असं मी वर म्हटलं. इथे ते वेगळे झाले. दिवा एका गोष्टीचा, विश्वास दुसऱ्या गोष्टीवर.

ही नुसती तात्त्विक तक्रार नाही, ती घाटात जीव घेऊ शकते. गाडी, दोन माणसं, सामान मिळून 350 किलो धरा. 600 मीटर उंचीवरून खाली यायचं. तेवढी ऊर्जा होते जवळजवळ 20 लाख ज्यूल. सहा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला पुरेल इतकी. त्यातली काही इंजिन खातं, काही हवा. खालच्या गियरमध्ये उतरलात तर इंजिन बरीच खातं. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गियरमध्ये ब्रेक धरून उतरलात तर जवळजवळ सगळी डिस्क आणि पॅडमध्ये जाते, आणि तिथून कॅलिपरमधल्या द्रवात. ताजा डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. होजमधून, झाकणातून, दोन पावसाळ्यांत. मानकात पाण्याचं प्रमाण 3.7 टक्के धरून मोजतात, आणि तेव्हा डॉट 4 ची किमान अट 155 अंशांवर येते. 75 अंशांची घसरण, आणि खिडकीतून बघाल तर पातळी जशीच्या तशी. द्रव उकळला की वाफ होते, वाफ दाबली जाते, लिव्हर सरळ मुठीला जाऊन टेकतो. ब्रेक नाही. त्या क्षणी मीटरवर एकही दिवा लागलेला नसतो.

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट भाग पुढचा आहे. गाडी कशीतरी थांबली, अर्धा तास गेला, कॅलिपर गार झाला, वाफेचा पुन्हा द्रव झाला. लिव्हर पुन्हा कडक. गॅरेजमध्ये नेली तर मेस्त्री ब्रेक दाबून बघतो आणि म्हणतो, काही नाही झालेलं. खरंच, त्याच्यासमोर काही नाही झालेलं. पुरावा स्वतःहून मिटला. चालवणाऱ्याचं सांगणं आणि यंत्राची साक्ष एकमेकांविरुद्ध उभी राहते, आणि गॅरेज असो की अपघाताची चौकशी, यंत्राच्या बाजूने झुकणं माणसाला सोपं जातं. “ब्रेक लागलाच नाही” असं सांगणाऱ्याला चालवता येत नव्हतं असा शिक्का बसतो. मौखिक इतिहासात आपण हेच शिकतो ना, की कागद आणि साक्ष जुळत नसतील तर साक्ष खोटी असं लगेच धरायचं नाही? इथे द्रवाचा रंग बघायचा असतो. ताजा द्रव पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर असतो, जुना चहासारखा काळपट होतो. खिडकीची काचही डागाळते, म्हणून झाकण उघडून बघणं बरं, आधी पुसून. आणि शेवटचा कधी बदलला ते विचारायचं. बहुतेक मॅन्युअल दोन वर्षांनी बदला असं सांगतात. “टॉप-अप केलंय” हे त्याचं उत्तर नसतं, कारण वरून दोन चमचे टाकल्याने खाली कॅलिपरमध्ये बसलेला पाणी प्यालेला द्रव तिथेच राहतो. तो निपल उघडून, एअर काढतात तसा, पूर्ण ढकलून बाहेर काढावा लागतो. अर्धी वापरून झाकण सैल ठेवलेली बाटलीही नको, तिनेही तेवढंच पाणी प्यालेलं असतं.

ज्यांना असं काम करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं पद्धतीबद्दल. मॅन्युअल हे काय व्हायला हवं ते सांगतं, काय होतं ते नाही. त्यामुळे नुसत्या मॅन्युअलवर लिहिलेला दुरुस्तीचा इतिहास म्हणजे नुसत्या कायद्याच्या पुस्तकावर लिहिलेला समाजाचा इतिहास. दुसरा स्रोत जॉब कार्ड. लहान गॅरेजमध्ये ती नसतात, वही असते, तीही उधारीची. म्हणजे रोख कामाची नोंद नाही, उधारीच्या कामाची आहे, हा कल लक्षात घेऊनच मोजायचं. तिसरा स्रोत वस्तू: जुने पॅड, डागाळलेली टाकी, झाकणाच्या दोन स्क्रूंची डोकी. कधीच न उघडलेल्या झाकणाचे स्क्रू कोरे असतात, घाईत उघडलेल्याचे खाचा गेलेले. चौथा स्रोत माणसं, आणि त्यांच्याकडे रेकॉर्डर घेऊन जाण्याआधी दोन-तीन आठवडे नुसतं बसा, पाना हातात द्या, चहा आणा. “काका, पातळी कमी झाली तर तुम्ही आधी काय बघता?” हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारलात तर मॅन्युअलमधलं उत्तर मिळतं. विसाव्या दिवशी विचारायची गरज पडत नाही, दिसलेलं असतं.

मी सध्या वह्यांमध्ये एकच गोष्ट शोधतोय. एकाच गाडीच्या नावापुढे ‘ब्रेक ऑइल टाकले’ ही नोंद आणि ‘पॅड बदलले’ ही नोंद यांच्यामध्ये किती महिने जातात, आणि 1 एप्रिल 2019 नंतरच्या, म्हणजे पिवळा दिवा असलेल्या गाड्यांमध्ये ते अंतर वाढलं आहे का. गाडी ओळखायला नंबरचे शेवटचे चार आकडे पुरतात, मालकाचं नाव मी उतरवून घेत नाही. वह्या पावसाळ्यात ओल्या होतात, म्हणून जूनच्या आधी फोटो काढून घ्यायचे आहेत.